आईंचं मंगळसूत्र गेलं, मनगट मोडलं, आणि मालक म्हणतो आमचा काय संबंध

एका वाचक मुलीचं पत्र आलंय, ते असं आहे (थोडं लहान केलंय, ओळख पटेल असे तपशील काढलेत):

"ताई, नमस्कार. आम्ही अमेरिकेत न्यूजर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ भाड्याने राहतो. जुनी चार मजली बिल्डिंग आहे, तीसेक अपार्टमेंट. खालच्या मेन दाराचं लॅच ऑक्टोबरपासून बिघडलंय, नुसतं ढकललं की दार उघडतं. मी पोर्टलवर दोनदा कम्प्लेंट टाकली, सुपरला (बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्याला) टेक्स्ट केला, बाकीच्यांनीही सांगितलं, दरवेळी उत्तर एकच, पार्ट मागवलाय. माझे आईबाबा सांगलीहून आलेत. गेल्या आठवड्यात आई न्यूअर्क अॅव्हेन्यूवरून भाजी घेऊन परत आली, संध्याकाळचे पाच वाजले होते पण अंधार झाला होता. जिन्याखाली एक माणूस आधीपासून उभा होता. त्याने मंगळसूत्र ओढलं, बांगड्यांसाठी हात पिरगाळला, आई पायऱ्यांवरून खाली पडली. मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. पोलीस रिपोर्ट झालाय. मॅनेजमेंट कंपनी म्हणते हा गुन्हा आहे, पोलिसांचं काम, आमचा काय संबंध, आणि लीजमध्ये स्पष्ट लिहिलंय की सिक्युरिटीची जबाबदारी मालकाची नाही. आता म्हणतायत एक महिन्याचं भाडं माफ करतो, एका कागदावर सही द्या. नवरा म्हणतो घे आणि सोडून दे, ग्रीन कार्डचं काम चालू आहे, कोर्टकचेरी नको. आई म्हणते माझंच चुकलं, परक्या गावात सोनं घालून फिरायला नको होतं. ते दोघं पुढच्या महिन्यात परत जातायत. मी काय करू?"

त्या कागदावर सही करू नकोस. बाकीचं सगळं नंतर वाच, आधी एवढं पक्कं धर. तू नाही, नवऱ्याने नाही आणि आईंनी तर अजिबात नाही. अशा कागदाला इथे रिलीज म्हणतात, म्हणजे एक महिन्याच्या भाड्याच्या बदल्यात या प्रकरणातला आईंचा सगळा हक्क कायमचा सोडून द्यायचा, उद्या हात नीट जुळला नाही, प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागलं तरी मग काही मागता येणार नाही. नवऱ्याला एक विचार, की ज्यांना आपली काहीच जबाबदारी नाही असं खरंच वाटतं ते सही कशासाठी मागतील? मालकाच्या इन्शुरन्स कंपनीतून कोणी फोन करून "आईंशी जरा बोलायचंय, रेकॉर्ड करतोय" म्हणालं तरी नम्रपणे नाही म्हणायचं आणि वकिलाशी बोलून कळवतो सांगायचं.

आता आईंबद्दल. बाई संध्याकाळी पाच वाजता भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्या मुलीच्या घरी परत आली, यात चुकण्यासारखं काय आहे? समोरच्या बाजूचा वकील कदाचित तो मुद्दा काढून बघेल, कारण न्यूजर्सीत जखमी झालेल्या माणसाची स्वतःची चूक किती टक्के हे ज्युरी ठरवते आणि ती पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त ठरली तर काहीच मिळत नाही, पण लग्न झालेल्या बाईने गळ्यात मंगळसूत्र घालणं म्हणजे निष्काळजीपणा असं ज्युरीला पटवणं सोपं नाही. आणि हे मी कायदा म्हणून नाही, एक बाई म्हणून सांगते, आईंसमोर "तरी मी सांगत होते सोनं काढून ठेव" हे वाक्य घरातल्या कोणीही कधीही बोलायचं नाही. नव्या देशात एकटीने बाहेर जाऊन भाजी आणण्याएवढा धीर त्यांनी गोळा केला होता, तो पुन्हा यायला वेळ लागेल.

मॅनेजमेंट कंपनी जे म्हणतेय ते १९७० च्या आधी बरोबर होतं. तेव्हा अमेरिकेत साधारण नियम असाच होता की तिऱ्हाईत माणसाने केलेल्या गुन्ह्याला घरमालक जबाबदार नाही. तो नियम मोडला तो वॉशिंग्टन डीसीमधल्या एका केसने, १९७० साली. १५०० मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यू या पत्त्यावर ५८५ अपार्टमेंटची मोठी बिल्डिंग होती. एक बाई १९५९ मध्ये तिथे राहायला आली तेव्हा मेन दारावर चोवीस तास डोअरमन असायचा. हळूहळू डोअरमन गेला, आतल्या डेस्कवर बहुतेक वेळ कोणी नाही, बाजूची दारं उघडी राहायला लागली, आणि बिल्डिंगमध्ये चोऱ्या-मारहाणी वाढल्या. नोव्हेंबर १९६६ मध्ये तिच्यावर रात्री कॉमन पॅसेजमध्ये हल्ला झाला, लुटलं. दोनच महिन्यांपूर्वी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या एका बाईवर तसाच हल्ला झाला होता. कोर्टाने म्हटलं की मालक म्हणजे काही इन्शुरन्स कंपनी नाही, प्रत्येक गुन्ह्याची भरपाई त्याच्याकडून मागता येणार नाही, पण पॅसेज, जिने, मेन दार हे सगळं फक्त त्याच्या ताब्यात आहे, एकटादुकटा भाडेकरू तिथे काही करू शकत नाही, त्यामुळे जो धोका आधीच दिसतोय त्यासाठी वाजवी काळजी घेणं त्याचंच काम.

मला या सगळ्या विषयात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुझ्या अपार्टमेंटच्या दाराला तू स्वतः साखळी लावू शकशील, पण खालच्या दाराचं लॅच तू बदलू शकत नाहीस, बदललंस तर उलट तुलाच नोटीस येईल. जी गोष्ट दुसऱ्या कोणाला करताच येत नाही ती न करणारा माणूस "आमचा काय संबंध" म्हणू शकत नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सोसायटीत गेटवर वॉचमन असतो, रजिस्टर असतं, वर फोन करून विचारतात, त्यामुळे सिक्युरिटी म्हटलं की आपल्याला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथल्या जुन्या बिल्डिंगमध्ये सिक्युरिटी म्हणजे बऱ्याचदा ते एक लॅच असतं, तेच गेलं की काही उरत नाही.

न्यूजर्सी तर यात आणखी पुढे गेली. १९७५ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टासमोर एक केस आली, नवरा-बायको नवीन अपार्टमेंटमध्ये राहायला आले, दाराचा डेडबोल्ट, म्हणजे जाड दांड्याचं कुलूप, बिघडलेला, मालकाला सांगितलं, त्याने केला नाही, आणि चोर आत शिरून दागिने घेऊन गेला. मालक जबाबदार ठरला. आणि मग १९८० ची केस, ट्रेंटाकोस्ट विरुद्ध ब्रसेल, ती वाचताना मला तुझ्या आईच आठवल्या. पसेक शहरात, म्हणजे तुझ्यापासून फार लांब नाही, दुकानांच्या वर आठ अपार्टमेंटची बिल्डिंग. ६१ वर्षांची एक विधवा बाई, दहाहून जास्त वर्षं तिथेच राहणारी, डिसेंबर १९७३ मध्ये नाताळच्या चार दिवस आधी खरेदी करून दुपारी परत आली, जिना चढून वर पोचली तेवढ्यात मागून कोणीतरी पायाचे घोटे धरून तिला खाली ओढलं आणि पर्स घेऊन पळाला. पुढच्या दाराला कुलूपच नव्हतं. कोर्टात पोलीस डिटेक्टिव्हने सांगितलं की आधीच्या तीनेक वर्षांत त्या भागात ७५ ते १०० गुन्हे तपासले होते. सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की घर राहण्यालायक ठेवायचं जे वचन प्रत्येक लीजमध्ये न लिहितासुद्धा असतंच, त्यात वाजवी सुरक्षितताही येते, आणि पुढच्या दाराला कुलूप न लावून मालकाने ते वचन मोडलं. कोर्ट तर इथपर्यंत म्हणालं की या वचनासाठी मालकाला धोक्याची माहिती होती हे वेगळं सिद्ध करायचीसुद्धा गरज नाही.

एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. हे वचन लीजमधलं आहे आणि लीजवर नाव तुमचं आहे, आईंचं नाही. म्हणून आईंचा दावा मुख्यतः निष्काळजीपणाचा असेल. मालकाची कॉमन जागेतली जबाबदारी भाडेकरूंच्या घरी आलेल्या पाहुण्यांसाठीही असते, तेव्हा "त्या तर लीजवर नाहीत" असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस. पण निष्काळजीपणाच्या दाव्यात मालकाला माहीत होतं का, असं काही होईल हे दिसत होतं का, हे प्रश्न येतात. आणि तिथे तुझ्या पोर्टलवरच्या दोन कम्प्लेंट सोन्याच्या मोलाच्या आहेत. बिल्डिंगमध्ये आधी अगदी असाच प्रकार झाला असला पाहिजे अशी सक्तीही नाही, न्यूजर्सी सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये एका सुपरमार्केटच्या पार्किंग लॉटमधल्या केसमध्ये सांगितलंय की एकूण परिस्थिती बघायची, परिसर, आधीचे लहानमोठे गुन्हे, सगळं.

शिवाय नियम आहेतच. तीन किंवा जास्त अपार्टमेंटच्या बिल्डिंगना राज्याचा मल्टिपल ड्वेलिंगचा कायदा लागतो आणि त्याच्या नियमांत मेन दाराला आपोआप बंद होणारं मजबूत कुलूप हवं असं आहे, ट्रेंटाकोस्टच्या निकालातही त्या नियमाचा उल्लेख आहे. लीजमधलं ते वाक्य, सिक्युरिटीची जबाबदारी आमची नाही, ते तर फार मनावर घेऊच नकोस. राहत्या घराच्या लीजमध्ये मालकाने आपल्या निष्काळजीपणातून सुटका करून घेणारी अशी कलमं न्यूजर्सीच्या अपील कोर्टाने १९७२ मध्येच सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवलीत. तरीही लीजमध्ये छापत राहतात, कारण वाचणारा घाबरतो.

आता कठीण भाग, तोही सांगते, कारण नुसता उत्साह देऊन मी तुला फसवणार नाही. लॅच बिघडलेलं होतं एवढं पुरत नाही. तो माणूस त्या बिघडलेल्या लॅचमुळेच आत आला हे दाखवावं लागतं. समजा तो दुसऱ्या भाडेकरूचा ओळखीचा निघाला, किंवा कोणीतरी बझर दाबून त्याला आत घेतलं, किंवा आई किल्ली लावून आत येताना तो मागोमाग घुसला, तर मालक म्हणेल की कुलूप चांगलं असतं तरी हे झालंच असतं. तू लिहिलंयस की तो आधीपासून जिन्याखाली उभा होता, हा तपशील फार मोठा आहे. आईंना शांतपणे, दोन-तीन वेळा न टोकता, सगळं मराठीतच सांगू दे आणि तू जसंच्या तसं लिहून घे, आजच्या तारखेसह. दार ढकलून उघडलं की किल्ली लावली, जिन्याखालचा दिवा चालू होता का (बंद असेल तर तो वेगळा मुद्दा आहे, कॉमन जागेत उजेड ठेवणं हेही मालकाचंच काम), तो कुठून आला, कुठे पळाला. मध्ये मध्ये "असंच झालं ना?" असं सुचवू नकोस, त्यांना जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणूनच लिही.

मग पुरावा, आणि इथे घाई कर, कारण आत्ता सगळं त्यांच्या हातात आहे आणि रोज काहीतरी पुसलं जातंय. लॉबीत कॅमेरा असेल तर त्याचं फुटेज काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत आपोआप ओव्हरराइट होतं, कोणी मुद्दाम पुसायचीही गरज नसते. म्हणून मालक आणि मॅनेजमेंट कंपनी दोघांना एक पत्र पाठव, सर्टिफाइड मेलने रिटर्न रिसीटसह आणि शिवाय ईमेलने. पत्रात घटनेची तारीख, वेळ, पत्ता दे आणि लिही की मेन दार, लॉबी, जिना आणि मागचं दार यांचं त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंतचं सगळं फुटेज, दाराच्या दुरुस्तीचे सगळे रेकॉर्ड, तो जो पार्ट मागवला म्हणतात त्याची ऑर्डर, सगळ्या भाडेकरूंच्या कम्प्लेंट, सुपरचे मेसेज, आणि स्वतः ते तुटकं लॅच, हे काहीही नष्ट करू नये. पैशाचा आकडा लिहू नकोस, आरोप करू नकोस, रागाचं एक वाक्य नको. असं पत्र गेल्यानंतर फुटेज गायब झालं तर ते त्यांना कोर्टात महाग पडू शकतं.

लॅचचा व्हिडिओ आज संध्याकाळीच काढ. दार पूर्ण बंद होऊ दे, मग किल्ली न लावता एका बोटाने ढकलून उघडताना दिसलं पाहिजे, चौकटीवरची पट्टी जवळून, दार आपोआप मिटतं का तेही. ते लॅच लवकरच बदलतील, आणि बदलावंच, तुम्ही सगळे तिथेच राहताय. पण नंतर दुरुस्ती केली म्हणजे आधी चूक होती असा पुरावा म्हणून ती दुरुस्ती इथल्या कोर्टात वापरता येत नाही, म्हणून आधीची अवस्था तुझ्याकडे असायला हवी. पोर्टलवरच्या कम्प्लेंटचे तारखेसह स्क्रीनशॉट घे, पोर्टलचा अॅक्सेस त्यांच्याच हातात आहे हे विसरू नकोस. सुपरचे टेक्स्ट तसेच ठेव, फोन बदलणार असशील तर बॅकअप घे. बिल्डिंगचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल आणि त्यात कोणी कोणी दाराबद्दल ओरडलं असेल तर ते चॅट एक्सपोर्ट कर. शेजाऱ्यांकडे जा, कोणी कधी सांगितलं होतं, कोणाचं पॅकेज लॉबीतून चोरीला गेलं, जिन्यात कोणी अनोळखी झोपलेला दिसला होता का, हे नाव-नंबरासह लिहून घे. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दार दिसतं का तेही विचार, दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत पण त्यांचंही फुटेज टिकत नाही, त्यामुळे उद्या सकाळी.

पोलीस रिपोर्टची कॉपी घे आणि वाच. बऱ्याचदा घाईत "दार उघडं होतं" एवढंच लिहिलेलं असतं, लॅच बिघडल्याचं नसतंच, आणि इंग्रजी बोलताना आईंचं म्हणणं अर्धं राहून गेलेलं असतं. काही राहिलं असेल तर पुरवणी जबाब देता येतो का ते रिपोर्ट नंबर सांगून विचार. शिवाय तुमच्या पत्त्यावर आधी किती वेळा पोलीस बोलावले गेले याची नोंद ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टखाली सिटीकडे मागता येते, लोक याला ओपरा रिक्वेस्ट म्हणतात, फॉर्म ऑनलाइन असतो. आणि इन्स्पेक्शन मागव. राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्समध्ये ब्युरो ऑफ हाउसिंग इन्स्पेक्शन आहे, तिथे तक्रार करायची, सिटीच्या हाउसिंग कोडच्या लोकांनाही फोन करायचा. लॅच बदलायच्या आधी इन्स्पेक्टर येऊन गेला आणि त्याने व्हायोलेशन लिहिलं तर त्या कागदासारखा साक्षीदार नाही.

नवऱ्याची भीती मला समजते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, ज्यांचं सगळं आयुष्य एका अर्जावर टांगलेलं असतं त्यांना कुठलाही सरकारी कागद बघून धडकीच भरते. पण हा दिवाणी दावा आहे, तुम्ही कोणाचा गुन्हा केलेला नाही, तुमच्याविरुद्ध काही नाही, आणि भरपाई मागितल्याचा ग्रीन कार्डच्या अर्जाशी संबंध येत नाही. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून खात्री करून घ्या म्हणजे घरातली धाकधूक तरी थांबेल. आईंच्या व्हिजिटर व्हिसामुळेही त्यांचा हक्क कमी होत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्या घराघरांत सांगितलं जातं, पण अशी बहुतेक प्रकरणं ट्रायलपर्यंत जातच नाहीत, मालकाचा लायबिलिटी इन्शुरन्स असतो आणि त्या कंपनीशी बोलणी होऊन मिटतात. हप्ता तो भरतो तो याचसाठी.

मालक घर खाली करायला लावेल ही दुसरी भीती. न्यूजर्सीत १९७४ पासून अँटी-एव्हिक्शन अॅक्ट आहे, तुमच्यासारख्या बिल्डिंगमधून कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय काढता येत नाही, लीज संपलं हे एकटं कारण पुरत नाही. आणि सरकारी खात्याकडे तक्रार केली म्हणून सूड घेणं, नोटीस देणं, अटी एकदम बदलणं याविरुद्ध वेगळा कायदा आहे. मात्र एक चूक करू नका, चिडून भाडं बंद करू नका. भाडं कमी करून मागण्याचे मार्ग आहेत, दुरुस्ती स्वतः करून पैसे वळते करायचा मार्गही इथल्या सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये मान्य केलाय, पण ते वकिलाला विचारून. नुसतं भाडं थांबवलंत तर उद्या कोर्टात तुम्हीच प्रतिवादी.

वकील कसा शोधायचा? पर्सनल इंज्युरीचं, म्हणजे शारीरिक इजेच्या दाव्यांचं काम करणारा, त्यातही निग्लिजंट सिक्युरिटीच्या, म्हणजे सुरक्षेतल्या निष्काळजीपणाच्या केसेस केलेला. ओळखीतला इमिग्रेशन किंवा घरखरेदीचा वकील नको, तो कितीही आपला माणूस असला तरी. काउंटी बार असोसिएशनची रेफरल सर्व्हिस असते. पहिली भेट सहसा फुकट असते आणि फी कंटिन्जन्सीवर, म्हणजे काही मिळालं तरच त्यातला हिस्सा, न्यूजर्सीच्या कोर्टाच्या नियमाने मिळालेल्या पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत तो एक तृतीयांशापेक्षा जास्त घेता येत नाही. दोघा-तिघांना भेट. आईंचं ऑपरेशन झालंय त्यामुळे वकील केस बघतील असं मला वाटतं. नुसते दागिने गेले असते तर खरं सांगायचं तर बहुतेकांनी हात लावला नसता, तेव्हा स्मॉल क्लेम्स कोर्ट, जिथे मर्यादा ५,००० डॉलर आहे. मुदत दोन वर्षं, शारीरिक इजेच्या दाव्याला. आई सांगलीला गेल्या म्हणून ती थांबत नाही. (तुमची बिल्डिंग खाजगी आहे म्हणून हे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी हाउसिंग अथॉरिटीच्या किंवा दुसऱ्या सरकारी जागेत राहत असेल तर तिथे ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती चुकली तर खूप अडचण होते.)

पैशांचं थोडं. हॉस्पिटलचं बिल क्रेडिट कार्डाने लगेच भरून टाकू नकोस, आयटमाइज्ड बिल मागव, व्हिजिटर इन्शुरन्सला क्लेम घाल, हॉस्पिटलच्या फायनान्शियल असिस्टन्सच्या ऑफिसशी बोल. राज्याचं व्हिक्टिम्स ऑफ क्राइम कॉम्पेन्सेशन ऑफिस आहे, ते वैद्यकीय खर्चासाठी मदत करतं, दागिन्यांचे पैसे मात्र देत नाही, पोलिसांत तक्रार असणं गरजेचं, ती तुमची झालीच आहे. तुमचा रेंटर्स इन्शुरन्स असेल तर पॉलिसी काढून बघ, पाहुण्याची वस्तू कव्हर होते का आणि दागिन्यांच्या चोरीची मर्यादा किती, ती बऱ्याचदा १,५०० डॉलरच्या आसपासच असते. बाबांना सांग सांगलीच्या सराफाकडून मंगळसूत्राचं आणि बांगड्यांचं बिल किंवा निदान वजनाची नोंद मागवा, आणि इथे आल्यावरचे आईंचे ते दागिने दिसणारे फोटो एका फोल्डरमध्ये टाक. हाताचे फोटोही, सूज, टाके, प्लास्टर, दर आठवड्याला. पोळ्या लाटता येत नाहीत, वेणी घालता येत नाही, रात्री दचकून उठतात, हे सगळं वहीत लिहून ठेव, कारण भरपाईत बिलांबरोबर या त्रासाचाही विचार होतो आणि सहा महिन्यांनी आपण तो विसरलेलो असतो.

दुसऱ्या राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण हे पत्र वाचून बरेच जण आपापल्या दाराकडे बघतील. सगळीकडे न्यूजर्सीसारखं नाही. टेक्सासमध्ये कायद्याने डेडबोल्ट आणि दारातलं भिंग लागतं आणि नवा भाडेकरू आला की सात दिवसांत कुलूप नव्या किल्लीचं करावं लागतं. कॅलिफोर्नियात मुख्य दाराला डेडबोल्ट आणि खिडक्यांना कुलूप सक्तीचं. फ्लोरिडाने मात्र २०२३ मध्ये आणि जॉर्जियाने २०२५ मध्ये कायदे बदलून मालकांच्या बाजूला झुकतं माप दिलंय, तिथे असाल तर आपल्या राज्याचं नीट विचारून घ्या. पण लेखी तक्रार सगळीकडे उपयोगी पडते. फोनवर सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

आणि आपल्यातलेही कितीतरी जण आता इथे घरमालक आहेत, एडिसनला टू-फॅमिली, म्हणजे दोन कुटुंबांचं घर घेतलंय, कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) भाड्याने दिलाय. त्यांना माझी कळकळीची विनंती, भाडेकरूचा "दार नीट लागत नाही" असा मेसेज आला तर तो शनिवारची वाट बघणाऱ्या कामांच्या यादीत टाकू नका. लॉकस्मिथ त्याच दिवशी बोलवा. कॉन्डोचं मेन दार असोसिएशनच्या ताब्यात असतं, तर असोसिएशनला तुम्ही स्वतः लेखी कळवा आणि भाडेकरूला त्याची कॉपी द्या.

शेवटी आईंच्या परतीचं. त्या जायच्या आधी वकिलाची आणि त्यांची समोरासमोर भेट झालीच पाहिजे, मराठी दुभाष्याबरोबर, तू दुभाषी होऊ नकोस, कारण तू स्वतः साक्षीदार आहेस. पुढचे जबाब लागले तर व्हिडिओवर घेता येतात, त्याची सोय वकील करेल, त्यासाठी आईंना विमानात बसवायची गरज पडेलच असं नाही. इथल्या सर्जनकडून ऑपरेशनचे रेकॉर्ड आणि एक्स-रे सीडीवर घे, एक प्रत इथे ठेव, एक बरोबर दे, सांगलीच्या ऑर्थोपेडिकला प्लेट कुठली बसवलीय ते कळायला हवं, आणि तिथल्या फिजिओथेरपीच्या पावत्या बाबांनी जपून दर महिन्याला तुला व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या. वकील ठरला की मला कळव, आणि आईंचा हात कसा आहे तेही लिही.